नांदूर मधमेश्वरला नुसते काळे ठिपके दिसले, तर चुकलं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नाशिकला गेलात. रविवारी सगळ्यांचा चहा-नाश्ता उरकून निघालात आणि अकराच्या सुमारास नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या चापडगाव गेटवर पोचलात. बरोबर आठ वर्षांची लेक आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. मनोऱ्यावरून लांब पाण्यात काळे ठिपके दिसले, फ्लेमिंगो एकही नाही, लेक कंटाळली आणि साडेबाराला तुम्ही माघारी फिरलात. आता विचारताय की नांदूर मधमेश्वरचा उगाच बोलबाला आहे का, पुढच्या वेळी भिगवणला जावं का, नेमक्या कोणत्या तारखेला जावं, आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला तर फरक पडेल का.

मी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. गेले वीसेक हिवाळे या पाणथळीवर पक्षीगणनेला जाते, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन जाते. माझी पहिली सहल अगदी तुमच्यासारखीच झाली होती. दोन बस भरून मुलं, निघायला उशीर, पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर, आणि सगळ्यांत मिळून दुर्बिणी तीन. एका मुलानं बराच वेळ पाण्याकडे बघून विचारलं, "बाई, एवढे कावळे पाण्यात कशाला बसलेत?" ते वारकरी होते. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. पण त्या उन्हात, त्या अंतरावरून टिळा कुणाला दिसणार? पोराचं काही चुकलं नव्हतं, माझंच चुकलं होतं. तेव्हा तुमच्या ठिपक्यांशी माझी जुनी ओळख आहे.

तुम्ही ठिकाण, तारीख आणि कॅमेरा विचारलात. तिन्हींवर बोलते, पण अडचण तिथे नव्हती असं मला वाटतं. पाणपक्षी कॅलेंडर बघून येत असले तरी एकदा आल्यावर कुठे बसायचं हे पाण्याची खोली बघून ठरवतात, आणि काय करायचं हे घड्याळ बघून. तुमचं ठिकाण बरोबर होतं, महिनाही बरोबर होता. वेळ चुकली, आणि पाण्याची चौकशी राहून गेली.

वेळेचं आधी सांगते, कारण ते तुमच्या हातात आहे.

थंडीत येणारी बदकं, म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, ही बरीचशी रात्री चरतात. अंधार पडला की उथळ काठांवर जातात आणि उजाडल्यानंतर हळूहळू खोल पाण्यात, माणसापासून लांब, मध्यभागी येऊन बसतात. अकरा वाजता त्यांची झोपेची वेळ असते. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, मान गायब, पाय पाण्याखाली. बदक ओळखायच्या खुणा म्हणजे चोच, डोकं, मानेची लांबी. त्यातली एकही दिसत नाही. उरतो तो गोळा. तुम्ही पाहिलेले ठिपके बहुधा हेच गोळे होते आणि त्यांत चार-पाच जातींची बदकं असतील.

त्यात उन्हाची भर. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारी दक्षिणेकडे तोंड करून पाण्याकडे बघितलंत तर रंग दिसतच नाहीत, पाणी चमकतं आणि पक्ष्यांच्या सावल्या होतात. सकाळी पूर्वेकडे बघितलं तरी तेच. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून ऊन पाठीवर येईल अशी जागा धरा. सगळ्या उपकरणांपेक्षा या एका गोष्टीनं जास्त फरक पडतो. मनोरा आहे म्हणून मनोऱ्यावरच चढायचं असं नाही. कधी कधी खालच्या काठावरून, बाभळीच्या आडून, दहापट चांगलं दिसतं. शिवाय दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. मग दुर्बीण कितीही चांगली असो, बदकाच्या कडा वितळल्यासारख्याच दिसतात.

म्हणून गेटवर पावणेसातला हजर व्हा असं मी सांगते. पण एक पथ्य आहे. थंडीची लाट आली की बातम्यांत निफाडचा पारा येतोच, आणि हे अभयारण्य निफाड तालुक्यातच आहे. अशा सकाळी पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यातून वाफ उठते आणि आठपर्यंत समोरचं काही धड दिसत नाही. एका गणनेत मी त्या धुक्यात घाईनं चारशे बदकं मोजून वहीत लिहिली होती. धुकं उठल्यावर त्यातली निम्मी जलपर्णीचे गठ्ठे निघाले. तेव्हापासून धुकं असेल तर मी मोजत नाही, ऐकते. शिट्ट्या, फडफड, वारकऱ्यांची भांडणं, पाणकोंबड्यांचा कलकलाट. मुलांना हा भाग फार आवडतो, कारण कोण आहे ते कळत नाही आणि खूप कुणीतरी आहे एवढं कळतं. आठ ते साडेनऊ हा दिवसाचा सोन्याचा तुकडा. संध्याकाळी चारनंतर दुसरी संधी मिळते. तेव्हा परतणारे थवे दिसतात, पण लहान मूल आणि घरी परतायचा लांबचा रस्ता असेल तर सकाळच बरी.

आता पाणी. याबद्दल थोडं लांबण लावते, कारण याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

नांदूर मधमेश्वरला आपण धरण म्हणतो, पण तो गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा ब्रिटिश काळातला बंधारा आहे. वरून, नाशिककडून, गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी येतं आणि इथून ते कालव्यांत वळतं. शंभरहून जास्त वर्षं नदी इथे गाळ आणून टाकते आहे. पाणी अडवायचं म्हणून बांधलेल्या जागेची खोली गाळानं भरली. बेटं तयार झाली, काठ उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच, पण त्याच गाळावर पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं. पुढे हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्य झालेली पाणथळ, ठरलं. 2020 च्या जानेवारीत ती घोषणा झाली. इथे नोंदलेल्या पक्ष्यांच्या जाती अडीचशेच्या आसपास आहेत. म्हणजे बोलबाला उगाच नाही.

पण बंधाऱ्याचं मूळ काम सुटलेलं नाही. रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यांत सोडायचं पाणी, सुटलं की वरून पाणी येतं आणि पातळी बदलते. जायकवाडीसाठी पाणी सोडलं तरी ते याच नदीतून जातं. पक्ष्यांसाठी ही पातळी म्हणजे ताटच. चिमणीएवढा टिलवा दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात, ओल्या चिखलावर चरतो. शेकाट्याचे पाय लांब, तो वीतभर पाण्यात आरामात चालतो. थापट्या आपली फावड्यासारखी चोच पृष्ठभागावरून गाळत नेतो. तलवार बदक शेपटी वर करून मान खाली बुडवतं, त्याला फूट-दीड फूट खोली पुरते. लालसरी मात्र थेट बुडी मारते, तिला पुरुषभर पाणी असलं तरी चालतं. पातळी एक फूट वाढली तर टिलव्यांचं आणि पाणटिवळ्यांचं ताट बुडालं, ते दुसरीकडे गेले. पातळी उतरली की चार दिवसांत परत. माणूस येऊन म्हणतो, "गेल्या वर्षी याच तारखेला भरपूर होते, यंदा काहीच नाहीत." पक्षी असतात, त्या खोलीचे नसतात इतकंच.

याच कारणानं चांगल्या पावसाचं वर्ष पक्षी बघणाऱ्यांना कधी कधी फसवं निघतं. परतीचा पाऊस जोरदार झाला की गावोगावचे तलाव, पाझर तलाव, ओढे सगळे भरलेले राहतात. बदकांना एकाच ठिकाणी गर्दी करायचं कारण उरत नाही, ती पांगतात. पाऊस कमी झाला की लहान तळी लवकर आटतात आणि जी मोठी पाणथळ शिल्लक आहे तिथे थवे एकवटतात. तेव्हा तारीख मला विचारू नका. निघण्याआधी दोन दिवस तिथल्या स्थानिक गाइडला किंवा वनविभागाच्या चौकीवर फोन करून तीन गोष्टी विचारा: पाणी वर आहे की उतरलंय, आवर्तन चालू आहे का, आणि काठावर चिखल उघडा पडलाय का. या प्रश्नांचं उत्तर गाइड लगेच देतो, आणि तुम्ही नुसतं गर्दीत फिरायला आलेला नाही हेही त्याला कळतं.

तरी महिन्यांचा ढोबळ अंदाज देते. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, ऑगस्टअखेरीपासूनच यायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुतवार, धोबी असे लहान पाहुणे. बदकं ऑक्टोबर सरता सरता आणि नोव्हेंबरात. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून. तेव्हा कार्यक्रम पुष्कळ असतात, पण नवख्यानं बदकं बघायला तो आठवडा निवडू नये असं माझं मत. त्या सुमाराला बरेच नर अजून मळक्या पिसाऱ्यात असतात, नर-मादी सगळी तपकिरी, ओळखताना माझीही धांदल उडते. डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत नर पूर्ण रंगात असतात. मार्चमध्ये परतीची तयारी सुरू होते आणि एप्रिलात मोजकेच उरतात. शक्य असेल तर सुट्टीचा रविवार टाळून मंगळवार-बुधवार साधा.

भिगवणचं आता. तिथे जा, जरूर जा, पण तिथलं गणित उलटं आहे हे समजून जा. भिगवण म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, भीमा नदीवरचा. पावसाळ्यानंतर उजनी भरलेली असते तेव्हा काठापर्यंत खोल पाणी, आणि खोल पाण्यात फ्लेमिंगोला काम नाही. तो उभा राहून, चोच उलटी करून, तळाचा चिखल गाळून खातो. धरणाचं पाणी जसं शेतीला आणि शहरांना जातं, तसे काठ उघडे पडतात, आणि मगच डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला त्यांची खरी हजेरी लागते. म्हणून नांदूरला मी डिसेंबर-जानेवारीत जाते आणि भिगवणला जानेवारी उलटल्यावर, कधी मार्चमध्येसुद्धा. उजनीची टक्केवारी बातम्यांत येतच असते. शंभराच्या आसपास असेल तर फ्लेमिंगोची फार आशा धरू नका.

आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचा हिरमोड होणार नाही: फ्लेमिंगो सायबेरियातून येत नाही. आपल्याकडचे बहुतेक फ्लेमिंगो गुजरातच्या कच्छच्या रणात वीण करतात. मराठीत त्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. उडताना पंख उघडले की नाव का पडलं ते कळतं. नांदूरला ते कधीमधी येतात, पण त्यांच्यासाठी म्हणून तिथे जायचं नाही.

भिगवणचा खरा परदेशी पाहुणा माझ्या मते पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. मंगोलिया, तिबेट, लडाखकडे वीण करून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. एखाद्याच्या मानेत अक्षरं लिहिलेला पट्टा दिसला तर फोटो काढा किंवा अक्षरं आणि रंग लिहून घ्या. मंगोलियात पट्टा घातलेले पक्षी भारतात अनेकदा दिसलेले आहेत, आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) अशी नोंद कळवली तर ती कामाला येते. मुलांना सीमा, देश, अंतर या गोष्टी अशा एका पट्ट्यातून जितक्या कळतात तितक्या नकाशातून कळत नाहीत.

मुंबईच्या बाजूला जाणं-येणं असेल तर ठाणे खाडी आहे. 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 पासून रामसर स्थळ. ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात. तिथे तारखेपेक्षा भरती-ओहोटी बघायची. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीत चरतात, भरती आली की नवी मुंबईतल्या पाणथळींवर येऊन थांबतात. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, त्यामुळे आधी नोंदणी हवी. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना बोटीत बसून बघणं सोपं जातं, फक्त चढता-उतरताना हात द्यायला कुणीतरी हवं. पैठणचा नाथसागरही मोठा आहे, पण विस्तार प्रचंड असल्यानं माहीतगार माणूस बरोबर नसेल तर नवख्यानं तिथे दिवस घालवू नये.

कॅमेरा. थोडा हिशेब करू. अर्ध्या मीटरचं बदक चारशे मीटरवर बसलंय आणि तुमच्याकडे 600 मिलिमीटरची लेन्स आहे. सेन्सरवर त्या बदकाची प्रतिमा पडते पाऊण मिलिमीटर. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद. म्हणजे इतका खर्च करून, एवढं ओझं वाहून, फोटोच्या रुंदीचा जवळजवळ पन्नासावा भाग बदकानं व्यापला. तुमचे ठिपके थोडे मोठे होतील इतकंच. आधी दुर्बीण घ्या. 8×42 लिहिलेलं असतं त्यात 8 म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जितका मोठा तितका पहाटे उजेड जास्त. दहापटीच्या मोहात पडू नका, हात हलतो आणि चित्रही तितकंच हलतं. मुलीसाठी 8×30 किंवा 8×32, हलकी पडते. झूमवाल्या दुर्बिणी टाळा. त्या पुढे स्पॉटिंग स्कोप, तिपाईवर ठेवायचा, वीस ते साठपट. तो विकत घ्यायची घाई नको. स्कोप बाळगणारा गाइड घेतलात की काम भागतं, आणि आजींनाही खुर्चीवर बसून त्यातून बघता येतं. गाइडचं आणि प्रवेशाचं शुल्क बदलत असतं, गेटवर विचारून घ्या आणि गाइडशी घासाघीस करू नका. ही माणसं आसपासच्या गावांतली आहेत आणि पाणथळ टिकली तर त्यांचं काम टिकतं.

आठ वर्षांच्या मुलीबरोबर जाताना पक्ष्यांची यादी पूर्ण करायचा विचार सोडून द्या. मी मुलांना पाच नावं देते आणि ती शोधायला लावते, कारण मराठी नावांतच ओळख दडलेली असते. वारकरी सांगितलाच. हळदी-कुंकू बदक: काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. शेकाट्या: लांब गुलाबी काटक्यांवर ठेवलेला पक्षी. थापट्या: चोच थापीसारखी चपटी. धोबी: शेपटी सारखी खाली-वर आपटत चालतो, कपडे धुतल्यासारखी. यांतले हळदी-कुंकू इथलंच रहिवासी, थापट्या पाहुणा. मग आपोआप प्रश्न येतो, "आई, हा इथला की बाहेरचा?" आणि हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारावा. पाणथळीवरचा प्रत्येक पक्षी स्थलांतरित नसतो. चित्रबलाक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे घरचे. उलट गाड्या लावतो तिथे मातीत तुरुतुरु पळणारा पांढरा धोबी पार हिमालयापलीकडून आलेला असू शकतो, आणि लोक त्याच्याकडे न बघता मनोऱ्याकडे धावतात.

रंगाआधी आकार बघायची सवय लावा. मान लांब की आखूड, चोच सरळ की वाकडी, पाण्यात बसल्यावर शेपटी वर की पाण्याला टेकलेली. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं पाण्यात खोल बसतात, शेपटी पाण्याला टेकलेली. तलवार बदकासारखी वरवर चरणारी हलकी तरंगतात, शेपटी उचललेली. एवढा एक फरक कळला की निम्मा थवा सुटतो. आणि सगळा थवा काही कारण नसताना एकदम उठला तर थव्याकडे नको, आकाशात बघा. दलदली भोवत्या गवतावरून संथ घिरट्या घालत येत असतो. हा शिकारी पक्षीही थंडीतला पाहुणाच. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना बदकं विसरायला झाली, भोवत्या मात्र लक्षात राहिला.

थव्यावरून आठवलं, आणि इथे माझा आवाज जरा चढतो. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे, बोटवाल्याला "भाऊ, जरा जवळ घ्या, उडतानाचा फोटो हवा" म्हणणारे दर हिवाळ्यात भेटतात. हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास हे पक्षी अंगातल्या चरबीवर करतात आणि ती चरबी इथे, या दोन-तीन महिन्यांत साठवतात. प्रत्येक उगाचची उडी त्यातून वजा होते. फ्लेमिंगो तर आधी इशारा देतात: चरणं थांबतं, माना सरळ उभ्या होतात, सगळा थवा एकाच दिशेला चालू लागतो. हे दिसलं की बोट थांबवायला सांगा, म्हणजे पुन्हा माना खाली जातात. दुसरा कुणी चुकत असेल तर वाद घालू नका, गाइडला सांगा. बोटीतून कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. ड्रोन अभयारण्यात चालत नाही.

कपडे फिके-मातकट; पांढरा शर्ट आणि भडक लाल स्वेटर नको. सकाळी दोन थर जास्त घाला, नऊनंतर काढता येतात.

सासूबाईंसाठी वेगळं सांगते, कारण घरच्यांनी त्यांना मनोऱ्यावर चढायला लावलं असेल तर त्यांचा दिवस तिथेच संपला. गेटपासून पुढे चालावं लागतं आणि मनोऱ्याला पायऱ्या असतात. घडीची खुर्ची घ्या, काठावर सावलीत पण ऊन पाठीमागे राहील अशी मांडा, आणि त्यांना तिथून हलवू नका. माझा अनुभव असा की अर्धा तास एका जागी गप्प बसलेल्या माणसाला, सगळा काठ पालथा घालणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतं. पहिल्या दहा मिनिटांत पक्षी लांब जातात, पुढच्या वीस मिनिटांत परत येतात. बहुतेक लोक नेमके अकराव्या मिनिटाला उठतात. आमच्या एका सहलीत सोबत आलेल्या आजीबाईंनी खुर्चीवर बसल्या बसल्या समोरच्या शेवाळात कमळपक्षी पानापानांवरून चालताना पाहिला. आम्ही बाकीचे तेव्हा पलीकडे स्कोपसाठी रांग लावून उभे होतो.

तुमच्या जागी मी असते तर असं करते. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, मधला वार. आदल्या रात्री नाशिकला किंवा निफाडला मुक्काम, म्हणजे पहाटे पुण्याहून निघायची वेळ येत नाही. दोन दिवस आधी फोन करून पाण्याची चौकशी. पावणेसातला गेटवर, गाइड आणि स्कोप ठरवलेला. नाश्ता डब्यातून, पण काठावर नको, गाडीपाशी, आणि कचरा परत आणायचा. आठपर्यंत कान, नंतर साडेनऊपर्यंत डोळे, ऊन पाठीशी. दहाला बाहेर. परतताना ऊस आणि ज्वारीच्या शेतांच्या कडेनं गाडी हळू चालवा. भोरड्यांचे थवे तिथेच असतात, आणि नशीब असेल तर क्रौंचही. फ्लेमिंगोसाठी वेगळा दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उजनीचं पाणी उतरल्यावर. पुण्याहून तर भिगवण जवळच आहे, एका सकाळीत होऊन जाईल.

लेकीच्या हातात एक वही द्या आणि पक्ष्यांची नावं नाही, चित्रं काढायला सांगा, कशीही. घरी आल्यावर ती चित्रं बघून नाव शोधताना तिला आणि तुम्हालाही कळेल की चोच नीट बघितलीच नव्हती. मग ती पुढच्या खेपेला चोचच आधी बघेल. त्या वारकऱ्यांना कावळे म्हणणाऱ्या मुलाला मी वही दिली होती. दुसऱ्या सहलीला त्यानं काढलेल्या वारकऱ्याच्या कपाळावर टिळा होता, जरा जास्तच मोठा.